सगुणाईचा खड्डा

जरा मागं सरका पाहुणे. फोटो इथूनही निघतो. कड पक्की आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? दिसते म्हणून? दिसतं हो पुष्कळ काही.

देवळामागं हा बाभळी वाढलेला खोलगट भाग आहे ना, त्याला सगुणाईचा खड्डा म्हणतात. देऊळ खरं तर इथंच व्हायचं होतं. मी इथला गुरव. आजोबांकडून ऐकलं तसं सांगतो. किती मानायचं ते तुमचं तुम्ही बघा.

फार पूर्वी इथल्या देशमुखानं नवस फेडायला देऊळ बांधायला काढलं, असं सांगतात. पाया खडकावरच बसवायचा, हा त्याचा हट्ट. आणि इथं सगळी काळी माती, खडक काही लागेना. यल्लाप्पा नाईक नावाचा वडार आपली माणसं घेऊन खणत होता. खड्डा इतका खोल गेला, की वरून माणसाचं नुसतं मुंडासं दिसे. बाजू सरळ भिंतीसारख्या कापलेल्या आणि उपसलेली माती कडेलाच ढिगानं टाकलेली. अशात अवकाळी पाऊस झाला आणि कडेला भेग पडली.

यल्लाप्पानं लाकडाचे टेकू मागितले. देशमुखाचा कारभारी सुभानजी म्हणाला, "काही होत नाही. कामचुकारांची निमित्तं आहेत ही." वडारांना वेगळाच संशय. पायाला नरबळी लागतो आणि म्हणूनच हे टेकू देत नाहीत, अशी कुजबुज सुरू झाली. कारभाऱ्याला वडारांचा भरवसा नाही, वडारांना कारभाऱ्याचा नाही. तरी पोटासाठी उतरत होते बिचारे.

सुभानजीची आई सगुणाबाई. हे सगळं तिच्या कानावर येत होतं, पण पोटचा पोर खोटं बोलेल असं तिला वाटत नव्हतं. एका सकाळी तिनं त्याला बायकोला बजावताना ऐकलं, "पोरांना त्या खड्ड्याकडं फिरकू देऊ नकोस हं." म्हातारीला काय ते उमगलं म्हणे. फडक्यात भाकरी बांधली, खड्ड्यापाशी आली, शिडीनं खाली उतरली आणि बरोबर त्या भेगेखाली पाठ टेकून जेवायला बसली.

सुभानजी धावत आला. "आई, वर ये! आधी वर ये तू!"

"का रे? काही होत नाही ना?"

त्याची नजर वर भेगेकडं गेली. यल्लाप्पानं त्याचा चेहरा पाहिला आणि ओरडला, "चला रे वर, सगळे!" माणसं शिडीला लागली. म्हातारी मात्र हलेना. शेवटचा माणूस चढू दे, मग मी, म्हणाली. शेवटचा चढला, तिनं शिडीला हात घातला, आणि बाजू ढासळली. सुभानजी उडी घालत होता. वडारांनीच त्याला धरून ठेवलं.

कुणी म्हणतात, धरणीमातेनं बळी घेतला. कुणी म्हणतात, म्हातारी वाचली, भाकरीचं फडकं तेवढं गेलं. हे असं सांगणारे कारभाऱ्याच्या घरातले, मला त्यांचा भरवसा नाही. आणि पहिल्यांचाही नाही. धरणीमातेनं कुणाला मागितलं नव्हतं हो! ओली माती होती, सरळ कापली होती, वर ढीग होता. ज्याला दिसायला हवं त्याला दिसत होतं, निदान घरी तरी. दुसऱ्याच्या हातानं विंचू मारायचा, दुसरं काय!

देशमुखानं देऊळ पुढं सरकवलं. सुभानजीनं मात्र भर गावापुढं पागोटं उतरवलं आणि शपथ घातली. या शिवारात खोल खणायचं असेल, तर 'काही होत नाही' म्हणणाऱ्यानं आपल्या आईला तळाशी जेवायला बसवावं, मगच मजुराला उतरवावं.

आजही ती चाल आहे. मागं पाण्याच्या टाकीचा पाया खणायला एक इंजिनीअर आला. तपासणीचा कागद दाखवला, सही-शिक्के सगळं. आमच्या सरपंचबाई म्हणाल्या, "कागद छान आहे. आई कुठं असते तुमची?" तो हसला. "मी स्वतः बसतो की, बाई."

"तुम्ही नाही. आई."

मग नाही हसला. खड्ड्याभोवती एकटाच फिरून आला, काम थांबवलं आणि लोखंडी आधार मागवले.

इतक्या पिढ्यांत एकही आई खाली उतरलेली नाही, पाहुणे. लेकरं तशी वेळच येऊ देत नाहीत.