टकटक ऐकली की उघडणारी फळी

लाकडांनी माणसांशी अजून अबोला धरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अंतोबा सुताराने मोडीतल्या लाकडांचं एक टेबलावरचं घड्याळ केलं. बूड जुन्या पाटाचं आणि पुढचं झाकण एका गजबजलेल्या घराच्या दाराच्या फळीचं.

किल्ली दिल्यावर आत टकटक सुरू झाली आणि फळी दचकलीच. "अगंबाई, कुणी आलं वाटतं!" म्हणत ती सताड उघडली. कुणीच नव्हतं. अंतोबाने तिला लावलं. पुन्हा टकटक, पुन्हा "आले, आले!" दुपारपर्यंत आत भुसा जाऊन घड्याळ बंद पडलं.

"उद्या मास्तरीणबाई घड्याळ बघायला येणार," अंतोबा खेकसला. "त्यांच्यासमोर उघडलीस तर थेट बंबात घालीन!"

फळीने खालच्या बुडाला विचारलं, "पाटकाका, कुणी बाहेर ताटकळत राहिलं तर हो?"

"अगं वेडे, ही टकटक आतून येते. घरचंच माणूस कामाला लागलंय. त्याला 'या, बसा' कशाला?"

फळीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी टकटक चालू होती आणि ती मात्र गप्प. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी लाकूड पारखायला झाकणावर बोटाने वाजवलं.

ही तर बाहेरून! फळीला बंब आठवला. पण आलेल्या माणसाला दारात उभं कसं ठेवायचं? जीव मुठीत धरून ती उघडली.

अंतोबाने कपाळाला हात लावला.

बाई आत डोकावत म्हणाल्या, "आमच्याकडे दार वाजलं तर चौघांतला एक उठेल तर शपथ! द्या हे बांधून."