देमाईचं तळं

एका गावात एक पाथरवट होता. गावाचं नाव खडकोली, पाथरवटाचं नाव सिदराम. गावोगाव फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावायची, हा त्याचा धंदा. पण त्याच्या आज्यानं त्याला आणखी एक विद्या दिली होती. दगडांवरची फार जुनी अक्षरं त्याला वाचता यायची. पंचक्रोशीत हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची गरजही पडत नव्हती. जातं बोथट झालं की सिदरामची आठवण, एरवी कोण विचारतो!

खडकोली आणि बेलसांगवी या दोन गावांच्या मधोमध एक तळं होतं. तळ्याच्या बांधावर एक शिळा उभी होती. वरच्या अंगाला चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली सगळा शेंदूर. लोक तिला पाणोबा म्हणत. लग्न झालं, लावा शेंदूर. म्हैस व्याली, लावा शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले आणि आत काय आहे हे कुणालाच ठाऊक राहिलं नाही. तळं कुणी बांधलं म्हणाल, तर खडकोलीचे छाती काढून सांगत, आमच्या पूर्वजांनी. बेलसांगवीचे म्हणत, जा रे, आमच्या. पाणी भरपूर होतं तोवर हे भांडण घटकाभर चालायचं आणि हसण्यावारी जायचं.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. तळ्यात कमरेइतकं पाणी उरलं. मोजून-मापून प्यायलं असतं तर मृगापर्यंत दोन्ही गावांना पुरलं असतं. पण मोजायचं कुणी? दोन्हीकडून काठ्या घेऊन पहारे बसले. आधी एक घागर फुटली, मग एक डोकं फुटलं.

आणि अशातच एका दुपारी शिळेवरचं शेंदराचं कवच उन्हानं तडकलं आणि धप्पकन खाली पडलं. बघतात तो काय, आत अक्षरं!

"देवानंच निवाडा पाठवला!" दोन्ही गावं म्हणाली. खडकोलीचे बहिर्जी पाटील आणि बेलसांगवीचे केरोबा पाटील यांनी एकमेकांना शब्द दिला. शिळेवर ज्या गावाचं नाव निघेल, तळं त्याचं. दुसऱ्या गावानं चार कोसांवरच्या नदीवर जायचं. आणि वाचणार कोण? सिदराम.

"वाचणारा तर त्यांचाच की!" बेलसांगवीत कुरकुर झाली.

"मग दुसरा कुठून पैदा करू?" केरोबा म्हणाले आणि विषय संपला.

सिदराम मात्र मनातल्या मनात हिशेब करू लागला. घरात सून ओली बाळंतीण. बायको भागाबाई गुडघ्यांनी अधू. चार कोस जाऊन चार कोस यायचं, तेही डोक्यावर घागर घेऊन, या उन्हात! त्यात सकाळीच बहिर्जी पाटलांनी त्याला बाजूला घेतलं.

"सिदराम, नाव आपलंच निघेल ना?"

"निघालं तर निघेल, पाटील."

"निघालं तर नाही. निघालंच पाहिजे."

बांधावर माणसं दाटली. सिदरामनं ओल्या फडक्यानं शिळा पुसली. मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं आणि हळूहळू अक्षरांत चोळलं. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं उठून दिसू लागली. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"मी देमाई, कुंभारीण."

"कुंभारीण?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी राजाची वाट बघत होता, कुणी आपल्या खापरपणजोबाची. निघाली कुंभारीण!

"ज्या खाणीतून जन्मभर माती घेतली, त्या खाणीचं तळं करून मी ते परत देत आहे. या पाण्याचा पहिला मान..."

सिदराम थांबला. त्याच्या बोटाखाली दगड संपला होता. शिळेचा खालचा तुकडा कधीकाळी फुटून गेला होता.

"पुढं?" बहिर्जी मोठ्यानं खाकरले.

एकच शब्द तर म्हणायचा होता. खडकोली. कोण पडताळून बघणार होतं? ती अक्षरं वाचणारं दुसरं माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नव्हतं. त्याला भागाबाईचे सुजलेले गुडघे दिसले. पाळण्यातलं पोर दिसलं. फार वाईट वाटलं त्याला.

"पुढं दगड फुटलाय," तो म्हणाला. "पुढचं मला दिसत नाही."

झालं! खडकोलीकर त्याच्या अंगावर धावून आले. "एक नाव घेतलं असतं तर तुझी जीभ झडली असती काय रे?" बेलसांगवीकर ओरडले, "आमचंच नाव असणार, म्हणून लपवतोय!" दोन्हीकडची बोलणी खाऊन बिचारा घरी आला. उद्या पुन्हा बांधावर जमायचं ठरलं, आणि या खेपेला लोक काठ्या घेऊन येणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

सिदराम दारातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. भागाबाईनं त्याला अर्धा तांब्या पाणी दिलं. विचार करता करता त्यानं सवयीनं दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट थबकलं. कडेवर दोन बारीक सरळ रेघा होत्या, शेजारी-शेजारी, खाली मातीत गेलेल्या. अगदी अशाच दोन रेघा त्यानं सकाळी शिळेच्या काठानं खाली उतरताना पाहिल्या होत्या.

"अगं, हा दगड आपल्याकडं आला कुठून?"

"मामंजींनी आणलेला ना बांधावरून, मी लग्न होऊन आले त्या साली."

सिदरामनं कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं ज्याच्यावर धुणी आपटली, तो हा! दोघांनी पहार घालून दगड उलथवला. खालच्या अंगाला अक्षरं होती. पहिली ओळ स्वच्छ होती. बाकीच्या ओळींत चुना-माती घट्ट बसली होती. ती सोडवायची तर दगड भिजवायला हवा, आणि घरात होतं ते पाणी बाळंतिणीपुरतं. सिदरामनं पहिली ओळ वाचली आणि हातातली पहार खाली ठेवली.

"काय लिहिलंय?" भागाबाईनं विचारलं.

"बेलसांगवी."

भागाबाईनं एकदा पाळण्याकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, पुन्हा पालथा घातला तर?"

"तर कुणालाही कळायचं नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला तर कळलंय ना आता."

भागाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती शेजारच्यांची बैलगाडी मागायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड बांधावर उतरला. तो कुठं आणि कसा सापडला ते सांगून सिदरामनं तो शिळेला भिडवला. फुटलेली कड कडेला बरोबर बसली, आता शंकेला जागा नव्हती. त्यानं मान खाली घालून वाचलं.

"पहिला मान बेलसांगवीचा."

बेलसांगवीकरांनी एकच गलका केला. खडकोलीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन खालीच बसल्या. बहिर्जी पाटील दातओठ खात म्हणाले, "घरभेद्या!"

सिदराम केरोबांपुढं गेला. "पाटील, तळं आता तुमचं. एक घागर पाणी मागतो."

"घरी न्यायला?"

"नाही. दगड धुवायला. अजून चार ओळी आहेत."

केरोबा स्वतः पाण्यात उतरले आणि घागर भरून आणली. सिदरामनं दगड भिजवला, खराट्याच्या काडीनं अक्षर न्‌ अक्षर मोकळं केलं, पीठ चोळलं आणि वाचू लागला.

"कारण माती त्यांच्या शिवारातली. पण माझी मडकी दोन्ही गावांच्या चुलींवर चढली. म्हणून रिकामं मडकं घेऊन जो कुणी येईल, त्याला तसंच परत पाठवू नये. चंद्र-सूर्य आहेत तोवर."

बेलसांगवीचा एक जण उसळला. "दगड याच्या दारातला, वाचणारा हाच! पुढच्या ओळी पदरच्या घालतोय!"

"गप बस!" केरोबा गरजले. "अरे, काल यानं नुसतं खडकोली म्हटलं असतं तर? काय करणार होतो आपण? हा दगड याच्या दारात पालथा होता, तो पालथाच राहिला असता. ज्यानं स्वतःच्या घागरी रिकाम्या ठेवून आपलं नाव वाचलं, त्याचं पुढचं वाचलेलं मानायचं नाही, तर मग कुणाचं मानायचं?"

पहिली घागर बेलसांगवीची भरली, मान होता म्हणून. दुसरी घागर केरोबांनी भागाबाईच्या हातात दिली. घरामागं रोज किती घागरी, ते तिथंच ठरलं. बहिर्जी पाटील बराच वेळ बांधावर घुटमळले. शेवटी सिदरामच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "चल, माझ्या गाडीत जागा आहे."

पाणी मृगापर्यंत पुरलं. शिळेला मग कुणी शेंदूर लावला नाही. दरसाल जत्रेला दोन्ही गावांच्या लेकी-सुना तिच्या अक्षरांत ज्वारीचं पीठ भरतात आणि लेख मोठ्यानं वाचतात. ती अक्षरं वाचायला त्यांना सिदरामनंच शिकवलं. आणि तळं कुणी बांधलं असं विचारलं, तर आता दोन्ही गावं एकच नाव सांगतात, देमाई.

तात्पर्य: पूर्वजांचा दगड जेवढं सांगतो तेवढंच वाचावं, मग ते आपल्या सोयीचं असो वा नसो. ज्याला "इथलं मला दिसत नाही" असं सांगता येतं, त्यानंच "इथं असं लिहिलंय" म्हटलेलं लोकांना पटतं.