पंतांच्या टाकीतला समुद्र

देवाशपथ सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी तेव्हा गावाला होतो, पण पाहिल्यासारखंच.

फार पूर्वी मुरलीधरपंतांच्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत, एक छोटा समुद्र राहायचा. आठवड्याभरात त्यातले चार मासे मेले. उरलेला पट्टेरी मासा धापा टाकत शंखातल्या खेकड्याला म्हणाला, "खेकडेदादा, आता माझी पाळी. पाणी अंगाला झोंबतंय रे."

"झोंबणारच! पाण्याची वाफ होते, मीठ इथेच राहतं. आणि हे पंत रोज वरून पुन्हा मिठाचंच पाणी ओततात."

"मग सांग ना त्यांना!"

खेकड्यानं काचेवर जोरात नांगी आपटली. "अरेरे, यालाही रोग लागला," म्हणत पंतांनी औषधाची बाटली उघडली.

तेवढ्यात सुलभाकाकू स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, आमटी आटली की मी साधं पाणी घालते. वर आणखी मीठ घालते का?"

पंतांनी बाटली ठेवली आणि वाटीवाटीनं गोडं पाणी घातलं. मासा वाचला.

यातलं मासा बोलला, ते खरं. काकूंनी सांगताक्षणी पंतांनी ऐकलं, ही तेवढी माझी थाप. पहिला मासा मेला, तेव्हापासून काकू हेच सांगत होत्या.