चीत की पालथी

"मग उतरू द्या ना त्याला मातीत, वस्ताद. आता कशाची वाट बघताय?"

विचारत होता रणधीर. आमच्या पेठेतल्या तालमीत लहानपणी लंगोट लावलेला, आता पुण्याला प्रयोगशाळेत बुरशीवर संशोधन करणारा. समोर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, काठावर ज्ञानू वस्ताद. सत्तरी उलटलेली, कान मोडलेले, हात कोपरापर्यंत तांबड्या मातीत.

मी काष्ठौषधीचा व्यापारी. हौद्याच्या मातीत मिसळायची हळद आणि कापूर पोचवायला गेलो होतो, म्हणून हे कानावर पडलं.

वाद तालमीतल्या मेहबूब मुलाणी या पैलवानावरून होता. मानेवर गजकर्ण उठलं, तसं वस्तादांनी त्याला तीन आठवडे हौद्याबाहेर ठेवलं. गजकर्ण म्हणजे बुरशीच; एकाचं मातीत उतरलं की वीस जणांच्या अंगावर चढतं. आणि रविवारी तर मेहबूबच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या जोडीची कुस्ती. रणधीरने लवंगेच्या तेलाचा लेप करून दिला होता. आठ दिवसांत मान साफ. तेल माझ्याच दुकानचं, तेव्हा माझा कल कुणीकडे होता ते सांगायला नको.

"खाज न्हाई, डाग न्हाई," मेहबूब म्हणाला. "बघा की."

वस्तादांनी बघितलं.

मग रणधीरला विचारलं, "करतंय काय रं तुझं तेल?"

रणधीर याच प्रश्नासाठी आला होता. मोबाइल पुढे धरला. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो. पहिल्यात बुरशीचे लांबलचक धागे, दुसऱ्यात तेच धागे सुरकुतलेले.

"बुरशीची पेशी म्हणजे एक इवलीशी पिशवी समजा, वस्ताद. बाहेर जाड भिंत, आत पातळ पडदा. लवंगेचा अर्क त्या पडद्यात घुसतो. भोकं पडतात. आतलं पाणी, मीठ, सगळं बाहेर झिरपतं. पेशी मेली."

"मेली?"

"वाढ थांबली. हलायचं नाव नाही. तुम्ही मूठमूठ हळद टाकता, मात्रेचा पत्ता नाही. मी थेंब मोजलेत."

"मग दोन थेंब वाढीव टाक की. रविवार लांब न्हाई."

रणधीर जरा अडखळला. "नाही चालत. आपल्या कातडीच्या पेशीलाही तसलाच पडदा. थोडा फरक, पण एकाच कुळातले. जास्त झालं तर मेहबूबची मान भाजेल."

"भाऊबंदकीच म्हणायची."

"तसंच."

वस्ताद हसले. मग मेहबूबकडे वळले.

"पड रं. हितंच, फरशीवर."

मेहबूब पालथा पडला. हातपाय पसरून, निपचित.

"रण्या, ह्यो हरला?"

"नाही. पालथा आहे."

"हलत न्हाई की."

"न हलेना का. उताणा होऊन दोन्ही खांदे टेकल्याशिवाय चीत कसा धरायचा?"

"मग तुझी बुरशी चीत झाली, का नुसती पालथी पडलीया?"

रणधीरने मोबाइल खिशात घातला.

"तेल धुऊन काढून बघितलंस? खायाला घातलंस तिला? उठती का बसती?"

"नाही..."

मला आमचं सुंठीचं एक पोतं आठवलं. बुरशी पुसली, ऊन दाखवलं, ठेवून दिलं. महिन्याने उघडलं तर सुंठीला मिशा फुटलेल्या. पण तेल माझं, म्हणून मी गप्प राहिलो.

"मी शोधनिबंधात 'मरते' असंच लिहिलंय, वस्ताद," रणधीर हळूच म्हणाला.

"लिव्हलंस तर लिव्हलंस. जा. धुऊन बघ."

मेहबूब उठून बसला. "आणि माझं, वस्ताद?"

"तू लेप लाव. ह्यो येईस्तोवर मातीला शिवू नगंस."

रणधीर त्याच दुपारच्या गाडीने गेला. आला तो शनिवारी सकाळी. मेहबूबने लंगोट धुऊन वाळत घातलेला. मीही गेलो होतो. यावेळी द्यायला काही नव्हतं, राहवेना म्हणून.

"उठली, वस्ताद," रणधीर म्हणाला. "तेल धुतलं, ताजं खाद्य दिलं. तिसऱ्या दिवशी धागे फुटले. तेवढ्याशा मात्रेत पेशी आपली भोकं बुजवून घेते. जागी असते ती..."

मेहबूबने मानेवरून हात फिरवला. मग जाऊन दोरीवरचा लंगोट काढला, घडी घातली.

"म्हणजे उद्या न्हाई."

"उद्या न्हाई," वस्ताद म्हणाले. "मान साफ दिसली तरी अजून तीन आठवडं लेप. मंग पुन्यांदा बघू."

"चूक माझी, मेहबूब," रणधीर म्हणाला. "तुला आशा मी लावली."

"आला नसतासा तरी चाललं असतं, डॉक्टर. इथं कुणाला कळणार हुतं?" मेहबूबने घडी काखेत मारली. "आता आलायसा तर जेवून जावा. अम्मीनं रस्सा केलाय."

वस्तादांनी रणधीरच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या शर्टावर तांबडा पंजा उमटला.

"वस्ताद, एक सांगा. पेशी तुम्ही जन्मात बघितली नाही. मग ती मेली नाही, हे ओळखलंत कसं?"

वस्ताद मातीत हळद कालवत होते. ढेकूळ फोडलं, चाळलं...

"सांगताना लई खूश हुतास, रण्या. खांदं टेकलं का, ते खूश गडी बघत न्हाई."