बिनशेपटीची मिरवणूक

“दसऱ्याला मी हत्तीवरून शाळेत येईन. माझ्यासमोर सगळ्या अध्यक्षांची मिरवणूक निघाली पाहिजे. प्रत्येक जण सर्वांत पुढे! शेवटी कुणी दिसला तर याद राखा!”

राजा इंद्रसेनाने हुकूम सोडला आणि आचार्य मटकन खाली बसले. एक मुलगी सोडली, तर त्यांच्या शाळेत अध्यक्षांखेरीज दुसरं कुणी नव्हतंच!

राजाच्या मनाने एकदा घेतलं होतं, की आपल्या राज्यातलं प्रत्येक मूल पुढारी झालं पाहिजे. मग आचार्यांनी मंडळं काढली. सन्मान मंडळ, सेवा मंडळ, वृक्ष मंडळ. कुणाचं मूल रुसलं की आणखी एक मंडळ! मौन मंडळसुद्धा होतं. त्याचा अध्यक्ष रोज प्रार्थनेनंतर मौनाच्या महतीवर लांबलचक भाषण करी. वृक्ष मंडळाच्या अध्यक्षाने अंगणातल्या आंब्याला हार घातला होता. पाणी घालणं काही त्याच्या पदाला शोभणारं नव्हतं. बिचारा आंबा हारासकट वाळला.

छातीवर अध्यक्षपदाचा बिल्ला नव्हता तो एकटीच्या, सोनाजी तेल्याच्या तुळसाच्या.

“आचार्य, मला कुठल्याही मंडळात सभासद करून घ्या ना,” ती पुन्हा पुन्हा विनवी.

“सभासद?” आचार्य दचकत. “तशी सोय नाही गं आपल्याकडे! अध्यक्ष हो.”

“कुणाची?”

 शेवटी चिडून आचार्य म्हणाले, “दसऱ्यापर्यंत बिल्ला लागला नाही, तर तुझी शाळा बंद!”

तुळसाला शाळेचा भारी लळा. ती तडक राजवाड्यावर गेली.

“महाराज, मला शाळेतून काढताहेत. का, तर मी कुणाच्या पुढे चालत नाही म्हणून.”

“मग चाल की पुढे!”

“सगळेच पुढे, महाराज. जागाच नाही उरली!”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “फार जीभ चालते तुझी! गेल्या साली हे सगळे फाटकातच अडकून बसले. दुसरा व्हायला कुणी तयार नाही. मग एका आडव्या ओळीत उभे केले, तर कडेचे दोघे गटारात गेले. आता ही मिरवणूक तूच काढ. प्रत्येक जण पहिला, शेवटचा कुणीच नाही, आणि कुणाचं पद काढायचं नाही. जमलं तर शाळेत राहा. नाही जमलं, तर घाण्यावर जा बैल हाकायला!”

“जमेल, महाराज. फक्त तुमचा हत्ती मी सांगेन तिथे उभा करा. आणि तुम्ही वरून उतरू नका.”

दसरा उजाडला. तुळसाने अंगणाच्या मधोमध हत्ती उभा केला आणि त्याच्याभोवती रांगोळीचं मोठं कडं काढलं. शेजारच्या आयाबाया हसल्या. “अगं, हा तर भोंडला! पाटावर हत्ती काढतो आपण, हिने खराच आणला!”

“अध्यक्षमहाराज, या,” तुळसा एकेकाला हाताला धरून कड्यावर उभं करू लागली. “तुम्ही पहिले!”

कडं भरलं तेव्हा सन्मान मंडळाचा अध्यक्ष मार्तंड, दिवाणांचा मुलगा, नाक उडवून म्हणाला, “माझ्या मागे कोण?”

“सगळी शाळा! वळून बघा.”

त्याने वळून पाहिलं. खरंच, सगळी शाळा! मार्तंड फुगला. मग समोर बघून किंचाळला, “पण माझ्या पुढे कुणाची तरी पाठ आहे!”

“तो होय?” तुळसा हळूच म्हणाली. “तो सगळ्यांत शेवटचा. इतका मागे पडला, इतका मागे पडला, की फिरून तुमच्या पुढ्यात आलाय.”

“अरेरे! बिचारा!”

तुळसाने प्रत्येकाच्या कानात हेच सांगितलं. ढोल वाजला, मिरवणूक निघाली. ताठ मानेने सगळे फिरू लागले. जो तो पुढच्याच्या पाठीकडे पाहून हळहळत होता.

“पहिला कोण?” राजाने वरून विचारलं.

“मी!” सगळे एका सुरात गरजले.

“शेवटचा कोण?”

सगळ्यांनी हसू दाबत आपापल्या पुढच्याकडे बोट दाखवलं!

राजा बघतच राहिला. मग त्याला शंका आली. “पोरी, केव्हाचे चाललेत. पण ही मिरवणूक पोचणार कुठे?”

“पोचायचं कुठे, हे तुमच्या हुकमात नव्हतं, महाराज! सगळे पुढे असले पाहिजेत, एवढंच होतं. आमच्या घाण्याचा बैलसुद्धा दिवसभर सगळ्यांच्या पुढे असतो. पण महाराज, त्याचं निदान तेल तरी निघतं!”

 आचार्यांनी भीतीने डोळेच मिटले. आणि राजा असा खदाखदा हसला, की अंबारी हलली, फेटा घसरला, हत्तीने कान फडफडवले!

“जिंकलीस! तुझी शाळा पक्की! आणि हा घे माझ्या गळ्यातला कंठा. आजपासून तू सगळ्या मंडळांची महाअध्यक्ष!”

“कंठा देवीचा प्रसाद म्हणून घेते,” तुळसाने वाकून नमस्कार केला. “पण अध्यक्ष नको, महाराज. मलाही त्या कड्यात फिरावं लागेल! मला सभासद करा. मंडळ कुठलंही चालेल. आंब्याला पाणी घालायचंय. बुंध्याला एक हिरवं पान फुटलंय, सकाळीच पाहिलं मी.”

हे ऐकताच कडं थांबलं. मार्तंडने इकडेतिकडे पाहिलं, बिल्ला हळूच काढून खिशात टाकला आणि विचारलं, “आणखी एक सभासद चालेल?”

“आणि मी?” वरून राजा ओरडला. “मला घेशील का तुझ्यात?”

“घेईन की! पण महाराज, सभासद व्हायचं तर हत्तीवरून उतरावं लागेल.”

राजा पुन्हा हसला. हसत हसत त्याने माहुताला हत्ती बसवायला सांगितलं, खाली उतरला आणि म्हणाला, “बरं बाई, घागर कुठे आहे?”