बारा मागांची मोटर

बाबगोंडा अण्णांच्या शेडमध्ये एकाच मोटरीवर पट्ट्यांनी बारा माग चालायचे. ती मोटर जळली, तेव्हा अण्णांनी बाजारातली सगळ्यात दांडगी मोटर हेरली, क्रेनला बसवतात ती. जळलेल्या मोटरींत नवी तार भरणारे दस्तगीर मिस्त्री मात्र नको म्हणाले.

“अण्णा, हिला जोर आहे, पण ओझं वाढलं की ही मंदावते आणि कमी झालं की उधळते. चार माग थांबले, तर उरलेल्यांवरचे धागे तुटतील. शंटची मोटर घ्या. ओझं कितीही असो, तिची चाल जवळपास तीच.”

अण्णांना कुणी नको म्हटलेलं खपत नसे. सगळ्या कामगारांदेखत ते म्हणाले, “पुस्तकातलं सांगू नकोस. माझ्या घरातला दाखला दे. नाही पटला, तर या शेडची पायरी चढायची नाही.”

मिस्त्रींनी शांतपणे हात पुसले. “परवा तुमच्याकडं पूजेचं जेवण होतं. बुंदी तुम्ही वाढत होता. पहिल्या पंगतीला पाचजण होते, तेव्हा इतके पळालात की दोघांच्या पानात बुंदी पडलीच नाही. दुसरीला पन्नास बसले, तेव्हा दहाव्या पानाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिलात. वहिनी आमटी वाढत होत्या. पाच असोत की पन्नास, त्यांचं पाऊल तेच.”

कामगार माना खाली घालून हसू दाबू लागले.

“म्हणजे क्रेनची मोटर मी?”

“अडलेलं वजन उचलायला तुम्हीच लागता, अण्णा. पण बारा माग एका चालीनं चालवायला वहिनीच पाहिजेत.”

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. “बसव ती शंटची. पण हे बाहेर कुठं बोलू नकोस.”

“मी नाही बोलणार,” मिस्त्री म्हणाले, “पण पंगतीतल्या पन्नासांनी बघितलंय.”