येसूनं झाकलेला दिवा

एक होता राजा. काय गं बायो, ओसरीवरचा बल्ब चालू ठेवायचा? बाबांसाठी? बरं, राहू दे. आधी गोष्ट ऐक.

तर या राजाच्या राज्यात रात्र व्हायचीच नाही. दिवस मावळला की मशाली, कंदील, समया, पणत्या, सगळं भडाभडा पेटायचं. हुकूमच होता तसा. घरोघरी छपरावर सात दिवे लावायचे आणि पहाटेपर्यंत जागते ठेवायचे. सगळं खोबरेल दिव्यांत जायचं. पोरांच्या डोक्याला बोटभर तेल मिळेना!

त्याच राज्यात समुद्राकाठी येसू राहायची. तिचा नवरा धाकू गलबतावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. नारळ घेऊन दूर दक्षिणेला गेलेला. जाताना म्हणाला, "रडू नको गो. येताना ध्रुव नाकासमोर धरला की पुढं आपलंच दार."

आणि त्यांच्याकडची रीत अशी, बरं का. ज्या घरचा माणूस दर्यावर, त्या दारचा दिवा विझवायचा नाही. 'विझव' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही.

मग अमावस्या आली. धाकू आला नाही. येसूनं दारात आणखी एक दिवा ठेवला. दुसरी अमावस्या आली. तिनं अंगणाच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, दिव्यांची ओळ लावली. तिसरी आली, तेव्हा तर माडांनासुद्धा कंदील टांगले. तरी धाकू नाहीच. बिचारी रोज दोन ताटं मांडायची आणि एक तसंच उचलायची. फार आठवण यायची गं तिला.

मग एकदा काय झालं, अंगणात काहीतरी वळवळलं. बघते तर कासवाची पिल्लं! वाळूतून नुकतीच निघालेली, आणि पाण्याकडं जायचं सोडून दिव्यांकडं चाललेली. मागनं म्हातारी कासवीण धापा टाकत आली.

"येसूबाई, काय हे! आमची पोरं आभाळाच्या उजेडावर समुद्र ओळखतात. तुझ्या दिव्यांनी चकवलं की गो त्यांना!"

येसूनं पिल्लं ओच्यात घेतली, पाण्यात नेऊन सोडली. मग सहज वर बघितलं. वर काहीच नव्हतं. नुसतं धुरकट, पिवळं आभाळ. ध्रुव नाही की कुण्णी नाही. अगं बाई, दिवे लावून बोलावतेय मीच, आणि त्याची वाट पुसून टाकतेयही मीच!

मग करायचं काय? विझवायचं तर नाही. तिनं माडावरचे, गडग्यावरचे, छपरावरचे सगळे दिवे खाली आणले. सगळ्यांचं तेल दारातल्या एका दिव्यात ओतलं. त्याच्यावर एक फुटकं मडकं पालथं घातलं. उजेड उंबऱ्यापुरता पडला. पण राजवाड्याचा झगमगाट कोण झाकणार? निघाली तडक राजाकडं.

राजा उखडलाच. "नवरा दर्यावर, आणि दिवे झाका म्हणतेस?" मग त्याचा आवाज एकदम बसला. "मी लहान असताना आई गेली. दाई म्हणाली, ती चांदणी झाली. येसू, वरून तिला मी दिसावा म्हणून हे दिवे."

येसूचे डोळे भरले. "तुम्ही तिला दिसत असाल, महाराज. पण ती तुम्हाला दिसते का?"

राजानं खिडकीतून वर बघितलं. "आधी दिसायची," म्हणाला. "हल्ली नाही दिसत."

मग कुंभारांची चाकं तीन दिवस फिरली. नको ते दिवे मालवले. हवे होते त्यांच्या डोक्यावर मडकी आली. तिसऱ्या रात्री आभाळ चांदण्यांनी गच्च भरलं. राजा गच्चीवर मान वर करून उभा राहिला. एवढ्या चांदण्यांत आई कुठली, त्याला कळेना. मग एक लुकलुकली, आणि एवढा मोठा राजा "आई!" म्हणून ढसाढसा रडला.

इकडं येसू किनाऱ्यावर बसून होती. ध्रुव आपल्या जागी होता. तो कुठं गेलाच नव्हता मुळी.

पहाटे शीड दिसलं. धाकू उतरला. वाळलेला, दाढी वाढलेली. तीन महिने बिचारा समुद्रात भरकटत होता. लांबून दार अंधारं बघून त्याचा चेहरा पडला. "येसू, दिवा विझवलास गो?"

"विझवला नाय," येसू म्हणाली. "झाकलाय. तुला वाट दिसावी म्हणून."

तर राजाला त्याची आई दिसली, येसूला धाकू मिळाला, पिल्लांना समुद्र, आणि पोरांच्या डोक्याला तेल. सगळी सुखानं राहिली.

आता नीज. कुठं निघालीस उठून? बल्ब मालवायला? शहाणी माझी बाय ती. मालवलास? ये, अशी खिडकीशी नीज. तो बघ ध्रुव. आत्ता बोटीवरनं तुझे बाबाही त्यालाच बघत असतील.